एकाआड एक फोटो

संग्रहालयात सगळे त्यांना नाना म्हणत. विमानातून काढलेल्या जुन्या फोटोंची कपाटं एकतीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. माणूस भारी टापटिपीचा. घरात दोन सारख्या वाट्या दिसल्या, तर एक उचलून माळ्यावर टाकायचे. बायको म्हणायची, "आपल्याला जुळं झालं नाही तेच बरं! एकाला बाहेर काढलं असतंत."

त्या आठवड्यात बर्फाचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. साठ वर्षांपूर्वी एक विमान दूरच्या बर्फाळ किनाऱ्याचे फोटो काढत गेलं होतं. बर्फ तीन जागी समुद्रात उतरत होता. तेव्हा तो किती उंच होता आणि आता किती खचलाय, हे तिला काढायचं होतं.

"नाना, बारा नंबरच्या फोटोनंतर एकदम चौदा कसा?"

"तेरा म्हणजे बाराच की, जरासा सरकवलेला!"

"म्हणूनच तर हवा. एकच जागा दोन ठिकाणांहून दिसली, तरच उंची कळते. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा."

नानांनी तिला सांगितलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी कपाटं भरली, तेव्हा साहेब म्हणाले होते, सारखे दिसतील ते काढून टाका. नानांनी एकाआड एक काढले. साहेबांनी पाठ थोपटली होती.

"कुठे ठेवलेत?"

"जाळले, बाळ."

ती म्हणाली, "बारा आणि चौदाच्या कडेला बोटभर भाग सारखा असेल. तेवढ्यावर बघू."

दोन दिवस दोघं भिंगाखाली वाकून होते. ती बोटभर पट्टी कधी उघड्या खडकावर पडे, कधी समुद्रावर. तिन्ही ठिकाणी बर्फ नेमका मधे, एकाच फोटोत राहिला.

"दुसरीकडे कुठे असतील?" नानांनी विचारलं.

"दुसरं विमान गेलंच नाही, नाना. आणि तेव्हाचा तो बर्फही आता नाही."

तिने चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती नुसती अहवाल लिहू लागली.

"कारण काय लिहितेस?"

"फोटो उपलब्ध नाहीत."

"असं नको. जाळले म्हणून लिही. माझं नाव घाल."

"पण सांगितलं तर साहेबांनी होतं ना?"

"हात माझे होते."

"उद्या लिहू, नाना."

"आत्ता लिही."

तिची बोटं हलेपर्यंत नाना तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.