आत्यानं आधीच पाहिलेलं तळघर

आमच्या घरात लिंबू आणि मिरची एकत्र येतात ती फक्त लोणच्यात. बावीस प्रतिज्ञा घेतलेलं घर आमचं. भूतखेत, करणी, अंगात येणं... यातल्या कशालाही आजोबांपासून थारा नाही. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहाबरोबर तोंडी लावायला वाचत आले. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तेव्हा तुम्ही हसलात तरी माझी तक्रार नाही.

मी हैदराबादला अंबरपेठेत राहते. मूळचे आम्ही परभणीकडचे, पण आजोबांच्या नोकरीपासून इथेच. घरात मी आणि माझी आत्या. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, लग्न न केलेली, आणि आईबाबांच्या माघारी मला वाढवणारी. ती सोडून मला जवळचं माणूस नाही.

दर रविवारी दुपारी आमच्या डायनिंग टेबलावर खेळ रंगतो. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते — एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले योद्धे, जादूगार वगैरे होतात, आणि तलवार लागली की हुकली ते फासे ठरवतात. अशा गोष्टींची छापील पुस्तकं मिळतात, त्यांना 'अॅडव्हेंचर' म्हणतात. तळघरांचे नकाशे, सापळे, कुठल्या खोलीत कोण दबा धरून बसलंय, सगळं त्यात असतं. पुस्तक फक्त गोष्ट सांगणाऱ्यानं वाचायचं. आमच्याकडे तो मान माझा.

खेळणारे दोघं — माझ्या ऑफिसमधली समीना आणि चिक्कडपल्लीचा श्रवण. श्रवण माणूस म्हणून सोनं, पण खेळात पक्का लबाड. पुस्तक नेटवर शोधून आधीच वाचून येतो, आणि मग चेहरा साळसूद करून म्हणतो, "मेरे को ऐसा लग रा, उधर ट्रॅप है." म्हणून मी छापील अॅडव्हेंचर जसंच्या तसं कधीच चालवत नाही. डावीकडचं उजवीकडे करते, खजिना हलवते, एखादा राक्षस सुट्टीवर पाठवते. यावेळचं पुस्तक तर बाहेरच्या एका अगदी छोट्या प्रकाशकाचं, नवंकोरं. ऑफिसच्या पत्त्यावर मागवलं, तिथल्या ड्रॉवरमध्येच ठेवलं, आणि बदल करून झाल्यावर बॅगेतून घरी आणून थेट खेळाच्या दिवशी टेबलावर काढलं.

त्याच सुमारास आत्याच्या पित्ताशयात खडे निघाले होते. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका, लांबवू नका. आत्या मात्र ऐकायलाच तयार नाही. "मला नक्को ती भूल-बिल," एवढंच. कळ आली की उशी पोटाशी आवळून बसायची, पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही. मी चिडले, रडले, अबोला धरला... उपयोग शून्य.

त्या रविवारी ती टेबलाच्या टोकाला गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी सुरुवात केली, "तुम्ही पायऱ्या उतरून खाली आलात. दगडी बोळ, भिंतीवर निळे दिवे. उजवीकडे एक कमान..."

"डावीकडं," आत्या म्हणाली.

"काय?"

"कमान डावीकडं आहे गे. उजवीकडं पाण्याचा हौद आहे. पोरं पडतील की त्यात!"

पुस्तकात कमान डावीकडेच होती. आणि हौद उजवीकडे. हौदाचं तर मी अजून नावही काढलं नव्हतं.

समीना खो खो हसायला लागली. "आंटी, आप भी किताब पढ़ के आये क्या? श्रवण की सोहबत अच्छी नै!"

श्रवणनं गळ्याला चिमटा घेतला. "अम्मतोडु, अक्का! नाकु दोरकलेदु!" आईची शपथ घेऊन सांगत होता — हे पुस्तक त्याला नेटवर सापडलंच नव्हतं, आणि त्याचा चेहरा इतका पडलेला होता की ते खरंच असणार.

मला मजा वाटली. पुढच्या खोलीतही मी मुद्दाम उलटं सांगितलं. आत्यानं मान वर न करता दुरुस्त केलं. "तो पूल मोडका आहे, भिंतीला धरून जायचं." मग माझी मजा हळूहळू कमी व्हायला लागली. पुस्तकात अगदी तसंच होतं.

शेवटी काळ्या दगडाचं दार आलं आणि तिचे हात थांबले.

"याच्या पुढं मी गेले नाही."

"आत्या, तू गेलीस कधी?"

"मागल्या साली डेंग्यू झाला, दवाखान्यात बेशुद्ध पडले होते ना... तवा. सगळं हेच. या दारापास्तर आले, लई भ्या वाटलं, मागं फिरले." ती शेंगांकडे बघत बोलत होती. "आता भूल दिली की पुन्हा तिथंच जाणार मी. आत काय आहे काय की."

म्हणजे हे कारण होतं! श्रवणचा भज्यांच्या ताटलीकडे निघालेला हात तिथंच राहिला. मला तिची फार कणव आली.

"तुझ्या पुस्तकात आसंल की," ती म्हणाली. "सांग. आत काय आहे?"

पुस्तकात काय होतं ते तुम्हाला सांगते. आत एक मेलेला राजा आडवा पडलाय, एक पाय उंबऱ्यावर टाकून. कुणी आत आलं की तो जागा होतो आणि येणाऱ्याचा श्वास काढून घेतो. त्या खोलीला दुसरं दार नाही.

मी आत्याकडे पाहिलं आणि सवयीप्रमाणे बदल केला.

"आत अंगण आहे. छान ऊन पडलंय. कुणी नाही तिथं. समोर एक हिरवं फाटक आहे, कडी नुसती अडकवलेली. त्यातून रस्ता सरळ आपल्या गल्लीत निघतो."

आत्तापर्यंत तिनं माझं प्रत्येक खोटं पकडलं होतं. इथलं पकडायची सोय तिला नव्हती. माझ्याकडे नीट बघून ती म्हणाली, "मग टाकू करून," आणि शेंगा उचलून आत गेली.

ऑपरेशनच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसले होते आणि — हसू नका — मला एका छापील राजाची भीती वाटत होती. अंगण आहे समजून ती बिनधास्त आत शिरली तर? मीच पाठवलं की तिला! बावीस प्रतिज्ञांच्या घरातली मी, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारावरून नजर हलत नव्हती माझी.

ती शुद्धीवर आली. ओठ कोरडे. पहिला शब्द, "खोटारडी."

"काय झालं गं?"

"म्हणे अंगण. लांबच्या लांब माणूस झोपलाय तिथं, तंगडी उंबऱ्यावर टाकून."

मी पलंगाची दांडी घट्ट धरली. "जागा झाला?"

"झाला की. डोळे वटारून बघाया लागला. म्हटलं, पाय घे बाजूला, बाईमाणूस चाललंय, दिसत नाही का?"

"मग?"

"घेतला बिचाऱ्यानं."

मी तिथं वॉर्डातच रडत रडत हसायला लागले. सलाईनचा हात तसाच उचलून तिनं माझ्या डोक्यावर ठेवला.

आत्या आता ठणठणीत आहे, मिरची भजी खाते, दर रविवारी फासे टाकते आणि श्रवणपेक्षा जास्त लबाडी करते. तिनं कधीतरी माझ्या बॅगेतून पुस्तक काढून वाचलं असेल, असं श्रवणचं मत. असेलही. मीही बरेच दिवस तेच धरून बसले होते.

पण त्या दिवशी वॉर्डात मी तिला आणखी एक विचारलं होतं. परत कशी आलीस?

"तुझ्या त्या हिरव्या फाटकातून," ती म्हणाली. "तेवढं खरं सांगितलंस."

पुस्तकात फाटक नाही. मी पुन्हा पुन्हा पाहिलं. ते मी त्या टेबलावर, तिचा चेहरा बघून, जागच्या जागी रचलं होतं. ते तिथं कसं पोचलं, हे मला अजूनही सांगता येत नाही.