पाठ झालेल्या जोड्या

आउने पेल्कोनेन कुओपिओ शहराजवळच्या एका गावात अडतीस वर्षं मास्तरीण होती. निवृत्तीनंतर तिच्याकडे एकच विद्यार्थी उरला, तिचा नवरा ताउनो. चार वर्षांपासून त्याची स्मृती झडत होती.

दवाखान्यात मेंदूच्या स्कॅनचं यंत्र मी चालवते. माणूस काही आठवू लागला की मेंदूतलं ग्लुटामेट नावाचं रसायन किंचित वाढतं आणि पडद्यावरची रेघ चढते. मोजणी दोनदा, वसंतात आणि शरदात. दोन्ही वेळा ज्यांची रेघ चढेल, त्यांनाच नवं औषध मिळणार होतं. वसंतात ताउनोची चढली होती, जेमतेम.

शरदात तो पुन्हा यंत्रात आडवा झाला. ‘कुलूप’ दिसलं की त्याची जोडी ‘मेंढी’ ओळखून बटण दाबायचं, अशा आधी एकदा दाखवलेल्या चाळीस जोड्या. मागे नऊ आल्या होत्या. या वेळी सगळ्या बरोबर. रेघ मात्र जागची हलली नाही.

बाहेर आउने उभीच होती.

“किती आल्या?”

“सगळ्या.”

“माझ्या हाताखालचा आहे. नापास कसा होईल?”

“आउनेबाई, शब्द तुम्हाला कुठे मिळाले?”

“तुझ्याच टेबलावर. मागच्या वेळी कॉफी आणायला गेलीस, तेवढ्यात उतरवून घेतले.” ती जराही ओशाळली नाही. “रोज सकाळी दोन तास बसवलं त्याला. रडायचा. पण केलं हो त्याने.”

मी तिला खाली बसवलं. घोकलेलं सांगताना मेंदूला झटावं लागत नाही, रसायन वाढत नाही, असं सांगितलं. न घोकता तरी वाढलं असतं का, ते आता कधीच कळणार नव्हतं. ते मी बोलले नाही.

“मग दुसरे शब्द दे.”

“नाही देता येत. यादी ठरलेली आहे, मोजणीही.”

“अगं पोरी, उत्तरं बरोबर आहेत त्याची.”

“उत्तरं आम्ही मोजत नाही.”

यादी टेबलावर मीच उघडी टाकली होती. तेही मी बोलले नाही.

ताउनो कपडे घालून आला. समोर बसलेल्या बायकोकडे त्याने बघितलं, आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभा राहिला.

“बाई, आता घरी जाऊ? आई वाट बघत असेल.”

आउनेने त्याच्या कोटाची बटणं लावली. एक चुकलं, पुन्हा लावलं.

“जा,” ती म्हणाली.