मूळ फाईल मागणारे सर

सोमवार, सत्र संपण्याआधीची बैठक. हजर: विभागप्रमुख, दोन प्राध्यापक, कंत्राटावरचे सर आणि इतिवृत्त लिहायला मी, प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारी.

सर एम.एस्सी.ला बायोइन्फर्मेटिक्सची ओळख करून देत, म्हणजे संगणकावर जनुकांचा अभ्यास. काहीही दाखवलं की चष्मा कपाळावर सरकवून म्हणत, "छान. आता मूळ फाईल दाखवा." उपकरणांची यादी दिली तरी तेच.

"अहो सर, ही मीच हातानं लिहिलीय."

"मग कपाट दाखवा, ताई."

कपाटात एक पिपेट कमी निघालं. आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

पहिल्याच तासाला ते जनुकांची नावं स्प्रेडशीटमध्ये उघडून दाखवत. काही नावं मार्च, सप्टेंबरसारखी दिसतात; प्रोग्रॅम परस्पर त्यांच्या तारखा करून टाकतो. वर्ग हसला की सर गुजराती वळणानं लाडात म्हणत, "आत्ता हसा, दीकरा. छापून आल्यावर हसू येत नाही."

त्या वर्षी सावली गावाहून येणाऱ्या एका मुलीनं विभागप्रमुखांच्या छापील शोधनिबंधातल्या यादीवर आपला प्रकल्प उभा केला. यादीत कित्येक ठिकाणी जनुकाच्या जागी तारीख होती. तिचे सगळे निष्कर्ष चुकले.

बैठकीत सर म्हणाले, "नियतकालिकाला दुरुस्तीचं पत्र पाठवू या. नाहीतर तुमच्या चुकीपायी तिचं वर्ष जाईल."

विभागप्रमुख लिलो चेवडो, म्हणजे बटाट्याचा ओलसर गुजराती चिवडा, खात होते. तेलकट बोटांनीच त्यांनी यादी उलटली. "अरे साहेब, तारखा तर तारखा. कोण वाचतंय? तिला म्हणावं, विषय बदल. आणि तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

दोन्ही प्राध्यापक हसले. एकानं बशी पुढे सरकवली, "घ्या सर, गोड लागतो." अशा बैठकांना तुम्हीही बसला असाल, तर ते हसू तुम्हाला ठाऊक आहे. मला शिसारी आली. आणि मी काय लिहिलं? 'इतर विषयांवर चर्चा झाली.' त्या ओळीतल्या माझ्या सुबक अक्षराचीही किळस येते.

कंत्राट वाढलं नाही. मुलीनं विषय बदलला, वर्ष गेलंच.

जाताना सर माझ्या टेबलापाशी थांबले. "ताई, तुम्ही कामाच्या पक्क्या. एवढं तुमच्याकडे ठेवा." दुरुस्तीच्या पत्राचा मसुदा होता. त्यात एक शब्दही कडवट नाही.

असं पत्र कुणीही वाचक पाठवू शकतो. मी पत्ता शोधला, पुरावे क्रमानं जोडले, शुद्धलेखन दोनदा तपासलं. खाली पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं तेवढं राहिलं आहे.