मुराळ्याविना पंचमी

रेणापूरच्या बसस्थानकामागे सुकन्याचं किराणा दुकान होतं. नवरा वीरेश लातूरला अडतीवर कामाला. दुकान ती आणि तिच्या सासूबाई पार्वतम्मा सांभाळायच्या. गूळ फोडताना, पुड्या बांधताना सुकन्या गुणगुणायची. गिऱ्हाइकं म्हणायची, इथं सौद्यावर गाणं फुकट मिळतं.

गाणं तिच्या आईचं. पंचमी आली तरी माहेरून न्यायला मुराळी येत नाही, म्हणून सासुरवाशीण माळावर चढून भावाची वाट बघते, असं ते गाणं. आई गेल्यावर मुदखेडच्या घरी सुकन्याच ते म्हणायची आणि धाकटा भाऊ मल्लेश तेलाच्या डब्यावर ठेका धरायचा. तोच मल्लेश आता नांदेडला रॅप करत होता. हलगी, कव्वालीच्या टाळ्या, गिटार आणि आपल्याकडची बोली एकत्र करून त्याचा पहिला अल्बम तयार होत होता. आईचं गाणं अक्कानंच म्हणायचं आणि पंचमीला ती माहेरी आली की रेकॉर्ड करायचं, हे त्यानं कधीच ठरवून टाकलं होतं.

सुकन्यानं गळ्यासाठी महिनाभर आधीपासून लोणचं, चिंच सोडली. साडी इस्त्री करून ठेवली. दरसाल मल्लेश स्वतः न्यायला यायचा. ओट्यावर बसून चहा प्यायचा, पार्वतम्मांना रीतीनं विचारायचा, मगच बहीणभाऊ निघायचे.

त्या वर्षी आली ती भाड्याची गाडी. भाऊ स्टुडिओत अडकलेत, असं ड्रायव्हरनं सांगितलं. सुकन्यानं त्याला चहा दिला. गाडीत मागं कुणी बसलंय का, ते उगाच एकदा पाहून आली. मग म्हणाली, दुकानात सणाची गर्दी आहे, जमायचं नाही. मल्लेशचा फोन आला तेव्हाही तिनं तेच सांगितलं. त्याला ते खरं वाटलं, हे तिला जास्त लागलं.

दसऱ्याच्या सुमारास अल्बम आला. दुपारी दुकान रिकामं असताना तिनं फोन साखरेच्या पोत्यावर टेकवून गाणी लावली. हलगी घुमली, टाळ्या आल्या, मल्लेशचे शब्द धडाधड कोसळले. मग सगळं थांबलं आणि कुणा मुलीच्या कोवळ्या आवाजात आईचं गाणं सुरू झालं. सूर चोख होते. फक्त माळ चढायच्या ओळीत आई जिथं दम घ्यायची, तिथं ती मुलगी थांबली नाही.

"ह्यात तुझा गळा न्हाई गं?" पार्वतम्मांनी विचारलं.

"न्हाई. न्यायला कुणी आलं नव्हतं."

"मला सांगायचं की. मी नेऊन घातलं असतं."

"तुम्ही नेऊन कसं चालंल, आत्याबाई?"

पार्वतम्मांनी मान डोलावली. त्याही कुणाच्या तरी बहीण होत्या.

संध्याकाळी मल्लेशचा फोन आला. लोकांना आवडतंय, सगळे आईच्याच गाण्याबद्दल विचारतायत, असं भरभरून सांगत राहिला. मग हळूच म्हणाला, "तू पायजे होतीस अक्का. गाडी तर पाठवली होती मी."

"मल्लू, त्या गाण्यातली बाई गाडीची वाट बघत होती का रं?"

 पलीकडे मागं कुणीतरी हलगीवर बोटं वाजवत होतं, ते थांबलं.

"अक्का, मी निघू का?"

"पंचमी झाली की."

"झाली तर झाली. निघू का?"

तिनं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. फोन ठेवला आणि दुकानाची पायरी उतरून ती रस्त्याकडे बघत उभी राहिली. नांदेडहून यायला त्याला रात्र होणार, हे तिला ठाऊक होतं.