बिनवसुलीचा रकाना

कोर्टात जिंकून आलेल्या माणसाचं सांत्वन करायला जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे खालचे मामू. हरलेल्याकडे सगळेच जातात. त्याला चहा मिळतो, सहानुभूती मिळते, त्याच्याबरोबर वकिलाला शिव्या घालायला चार माणसं मिळतात. मामू मात्र जिंकलेल्याच्या घरी जात. चपला दाराबाहेर काढून सोफ्याच्या अगदी कडेला टेकत आणि पेढ्याचा तुकडा हातात धरून, आजाऱ्याची चौकशी करावी अशा आवाजात विचारत, "सगळं धरून हातात किती उरलं?" समोरचा माणूस मनातल्या मनात हिशेब करू लागे, आणि त्याचा चेहरा उतरला की मामू त्याच्या गुडघ्यावर हलकेच थोपटत.

ते जाब्रियातल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत तळमजल्यावर राहत, म्हणून खालचे. रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावातून विशीतच कुवैतला आले आणि एका वकिलाच्या कचेरीत अनुवादक म्हणून चिकटले ते शेवटपर्यंत. इंग्रजी करार अरबीत करायचे, अरबी निकाल इंग्रजीत करायचे, हेच काम. मुलं मोठी झाल्यावर मामी त्यांना घेऊन गावी गेल्या आणि मामू एकटेच राहिले. मी सांगलीची, जवळच्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. पहिल्याच आठवड्यात जिन्यात भेटले तेव्हा त्यांनी मला "बाय" म्हणून हाक मारली आणि माझ्या नवऱ्याला, संजयला, परस्पर "जावईबापू" करून टाकलं. या नात्याला आमची संमती कुणी विचारली नाही आणि आम्हीही कधी हरकत घेतली नाही.

मामूंना चुरगळलेला कागद सहन होत नसे. कुणी घड्या पडलेली पावती घेऊन आलं की ते आधी इस्त्री गरम करायचे. पावतीवर पातळ रुमाल घालून तिच्या सुरकुत्या काढायचे आणि मगच चष्मा लावून वाचायचे. शुक्रवारी सकाळी त्यांच्या खोलीत एका बाजूला पापलेट तळलं जाई आणि दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी भाडेकरार इस्त्रीखाली असे. दोन्ही वासांची सरमिसळ व्हायची. आमच्या लग्नाच्या दाखल्याला अजून थोडा माशाचा वास येतो, असं संजय म्हणतो. मला नाही येत.

पण त्यांचं खरं वेड वेगळंच होतं. कुणाचंही भांडण कानावर आलं की ते कोऱ्या कागदावर मधोमध एक रेघ मारत. उजवीकडे लिहीत 'वसुलीचं', डावीकडे 'बिनवसुलीचं'. कोर्टात दावा जिंकला की खर्चही समोरच्याकडून मिळतो, ही लोकांची समजूत खोडून काढणं हे त्यांनी आपलं जीवितकार्य मानलं होतं. ते समजावत, "कोर्टाची फी परत मिळते. खबीर, म्हणजे कोर्ट नेमतं तो तज्ज्ञ, त्याच्यासाठी भरलेली रक्कमही परत मिळते. वकिलाच्या फीपोटी मात्र न्यायाधीश आपला ठरल्यासारखा एक आकडा लिहितो. तुझा वकील सोन्याचा असला तरी तेवढाच आणि पितळेचा असला तरी तेवढाच." एकाने विचारलं होतं, "मग खरी फी मागताच येत नाही का?" मामू म्हणाले, "येते ना. त्याच्यासाठी वेगळा दावा लावायचा. आणि त्याला पुन्हा वकील करायचा."

तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई घर बदलताना सामान नेणाऱ्यांनी त्यांचं काचेचं कपाट फोडलं. बाई दावा लावायला निघाल्या. मामूंनी तासभर बसून रेघ मारली, आकडे भरले, आणि शेवटी डावीकडे लिहिलं, 'बाईंच्या सहा सुट्ट्या'. बाईंनी तो कागद वाचला आणि निमूटपणे नवीन कपाट घेतलं. आमची मुलगी तेव्हा आठवीत होती. हे सगळं ऐकून ती म्हणाली, "बट मामू, दॅट्स नॉट फेअर." मामूंनी तिच्याकडे फार कौतुकानं पाहिलं आणि म्हणाले, "फेअर वेगळं, रिकव्हरेबल वेगळं. दोन्ही शब्द पाठ कर." त्यांच्याच वकिलाला त्यांनी किती गिऱ्हाइकं गमावायला लावली असतील, देव जाणे. पण वकीलसाहेब त्यांना कधी काही बोलले नाहीत. मामूंनी पाठवलेलं एखाददुसरं गिऱ्हाईक भांडायला पक्कं तयार असे, असं वकीलसाहेब म्हणत.

मग आमचीच वेळ आली. संजयचा एका कुवैती भागीदाराबरोबर एसीच्या डक्टिंगचा छोटा धंदा होता. शुऐबातल्या एका मोठ्या गोदामाचं काम त्यानं आठ महिने राबून पुरं केलं. शेवटचं नऊ हजार दिनारांचं बिल दिलं आणि गोदामवाल्यांनी हात वर केले. डक्टचा पत्रा ठरल्यापेक्षा पातळ वापरलाय, असं त्यांचं म्हणणं. तिथल्या मॅनेजरनं हे चार लोकांसमोर सांगितलं, आणि वर "हा माणूस चोर आहे" असंही म्हणाला. कुवैतमधलं आपलं जग केवढंसं असतं. दोन आठवड्यांत मराठी मंडळींच्या एका जेवणावळीत कुणीतरी संजयला, हसत हसतच, पत्र्याची जाडी विचारली. त्यानंतर तो कुठल्याच कार्यक्रमाला आला नाही. घरीही जेवता जेवता उठायचा, कपाटातून पत्र्याची खरेदीची बिलं काढून पुन्हा पुन्हा बघायचा. मी बोलायला गेले की म्हणायचा, "तुलाही शंका आहे का?" मला नव्हती. पण हे त्याला पटेल असं कसं सांगावं, ते मला कळत नव्हतं.

वकील केला. नोटीस गेली. तिकडून निरोप आला, सात हजार घ्या आणि मिटवा. संजय म्हणाला, "एक फिल्सही सोडणार नाही." त्या संध्याकाळी मी बिलं घेऊन खाली गेले. मामूंनी इस्त्री गरम केली. तुमचा वकील दुसरा आहे म्हणून बरं, माझ्या कचेरीतला असता तर मला यात पडता आलं नसतं, हे त्यांनी आधी बजावलं. मग संजयला बोलावून घेतलं आणि रेघ मारली.

"जावईबापू, समजा खबीर तुमच्या बाजूनं बोलला. तरी दोन-चार बाबी तो कापणारच. आठ हजार धरू. कोर्टाची फी मिळाली, खबिराचे पैसे मिळाले. वकिलाच्या नावानं फार तर शंभर मिळतील. तुमचा वकील अपिलापर्यंतचे दीड हजार घेणार. कागदांच्या भाषांतराचं वेगळं. म्हणजे दोन वर्षांनी जिंकून तुमच्या हातात साडेसहा हजार. आज न भांडता सात."

संजयनं कागद बराच वेळ पाहिला. आकडे त्याला कळत होते, तो काही वेडा नव्हता. मग तो म्हणाला, "मामू, त्यांनी मला चोर म्हटलं. ते कुठल्या रकान्यात?"

मामूंनी पेन उचललं. डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, आणि खाली ठेवलं.  शेवटी म्हणाले, "आठ दिवस सही करू नका. होय पण नाही आणि नाही पण नाही."

त्या आठ दिवसांत मामू तीनदा शुऐबाला जाऊन आले. आमच्या वकिलाला तेवढं सांगितलं होतं, आम्हाला काही नाही. भर ऑगस्टात, दोन बस बदलून, पासष्टीच्या माणसानं. पहिल्या दिवशी मॅनेजर भेटलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पाच मिनिटं दिली. तेवढ्यात मामूंनी त्याच्यापुढे कोरा कागद ठेवून रेघ मारली आणि या वेळी त्याचे आकडे भरले. तुम्ही जिंकलात तरी तुमच्या वकिलाचं बिल तुमच्याच गळ्यात, आणि खबीर आला तर पत्रा मोजणारच. तुम्ही कधी मोजलाय का?  मॅनेजरनं कधीच मोजला नव्हता. तिसऱ्या खेपेला मामू जाडी मोजायचं साधन खिशात घालून गेले. आमच्याच कपाटातून माझ्या मुलीकडून मागून घेतलेलं. मॅनेजरनं स्वतः शिडीवर चढून चार ठिकाणी मोजलं. पत्रा ठरला होता तेवढाच होता.

हे सगळं आम्हाला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की एका दुपारी मामू घामानं निथळत वर आले, पाणी मागितलं आणि एक कागद टेबलावर ठेवला. गोदामाच्या लेटरहेडवर चार ओळी अरबी, खाली शिक्का. मामूंनी बोट ठेवत वाचून दाखवलं, "सदर काम करारानुसार व ठरलेल्या प्रतीच्या मालानं पूर्ण झालं असून आधी काढलेल्या उद्गारांबद्दल आम्हाला खेद आहे." मग संजयकडे न बघता म्हणाले, "आकडा सातच. त्याच्यावर गेलो असतो तर हा कागद मिळाला नसता. तुम्हाला काय पाहिजे ते तुम्ही ठरवा." संजय उठून आत गेला, आणि तोंड धुऊन आला. त्यानं तडजोडीवर सही केली. पुढच्या कार्यक्रमाला तो आला आणि दोनदा जेवला.

मामूंचा इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, नंतरच्या वर्षी संपला. कचेरीत भाषांतराला कॉम्प्युटर आला होता आणि वकीलसाहेबही थकले होते. मिळून पन्नासेक किलोंच्या दोन बॅगा आणि एक इस्त्री घेऊन ते गेले. विमानतळावर आम्ही तिघंही रडलो, ते रडले नाहीत.

गेल्या मे महिन्यात आम्ही त्यांच्या गावी जाऊन आलो. खाडीला लागून घर, पुढे नारळ, मामींनी सांदण केलं होतं. सगळं होतं ज्याच्यासाठी माणूस परदेशात आयुष्य काढतो. मामू थोडे वाकले होते. गावात कुणाचे दावे नाहीत का, असं मी विचारलं. म्हणाले, "आहेत ना. पण इथली कोर्टं मला कळत नाहीत, बाय." मग बराच वेळ ते जाब्रियाची चौकशी करत राहिले. कोपऱ्यावरचा रोटीवाला आहे का, आमच्या बिल्डिंगीची लिफ्ट दुरुस्त झाली का.

निघताना त्यांनी संजयला पडवीत थांबवलं आणि जरा संकोचून म्हणाले, "जावईबापू, पाच मिनिटं अरबी बोलाल? इथं कुणाशी बोलणार. शब्द जायला लागलेत."

संजयचं अरबी म्हणजे साइटवरचं, मोडकंतोडकं. पण तो खाली बसला. त्यानं विचारलं तब्येत कशी, टोमॅटो काय भाव, उन्हाळा कसा आहे. मामू डोळे मिटून एकेका प्रश्नाला सावकाश, अगदी शुद्ध अरबीत उत्तर देत होते. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.