कानाचं माप घेणाऱ्या वहिनी

बातमी आली तेव्हा मी आष्टीत होतो. सकाळचे साडेनऊ झाले असतील. एका गिऱ्हाइकाच्या अंगणात त्याच्या गाडीच्या दाराचं अस्तर काढून मी आतली वायर शोधत बसलो होतो. फोन पुतणीचा, गौरीचा होता. ती एवढंच म्हणाली, "काका, आई उठंना..." मी वेड्यासारखं विचारलं, "ताप आलाय का?" पलीकडून आलं ते नुसतं घरातलं कुणाचं तरी बोलणं, भांड्याचा आवाज, आणि मग गौरीचं रडणं. गाडीचा मालक माझ्या तोंडाकडे बघत होता. तो म्हणाला, "तुमी निघा. दार ऱ्हाऊ द्या तसंच." मी हत्यारं तिथंच टाकून निघालो. अंबाजोगाईला घरी पोचेपर्यंत दुपार झाली. डॉक्टर येऊन गेले होते. पहाटे झोपेतच हृदय थांबलं, असं त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी वहिनी दिवसभर दुकानात उभ्या होत्या. संध्याकाळी खांदा दुखतोय म्हणाल्या, तर आम्ही सगळे म्हणालो, सँडपेपरनं घासून घासून दुखत असेल.

महानंदा वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माहेर नांदूरघाटचं. आमचं घराणं मूळचं कापड दुकानदारांचं, पण आमच्या पिढीत कापडावर भागेना, म्हणून दादानं आणि मी बसस्टँडच्या रस्त्याला गाड्या सजवायचं दुकान टाकलं. सीट कव्हरं, टेप, स्पीकर, असलं काम. वायरिंग माझ्याकडे. सीट कव्हरं वहिनी घरी बसून शिवायच्या. आणि दादा पुण्याला दोन महिने राहून एक वेगळंच काम शिकून आला होता. कंपनीतून आलेल्या गाडीच्या दारात मोठा स्पीकर मावत नाही, आणि जो मावतो त्याचं तोंड माणसाच्या पोटरीकडे असतं. म्हणून दादा लाकडाची गोल रिंग कापायचा, ती पट्ट्यांवर हव्या त्या कोनात तिरपी उभी करायचा, तिच्यावर ताणलं जाणारं कापड चढवायचा, आणि त्या कापडाला ब्रशानं रेझिन पाजायचा. रेझिन म्हणजे काकवीसारखं दाट, उग्र वासाचं रसायन. त्यात हार्डनरचे मोजके थेंब पडले की थोड्याच वेळात ते मऊ कापड दगडासारखं कडक होतं. मग आतून काचतंतूंचे थर, वरून पुट्टी, घासकाम, आणि शेवटी गाडीच्या रंगाला शोभेल असं कापड किंवा रेक्झिन. दारालाच फुटलेला अवयव वाटावा असा तो साचा दिसायचा. आसपासच्या तीन-चार तालुक्यांत हे काम करणारा त्या वेळी दादाच होता.

मग दादाला अर्धांगवायूचा झटका आला. वय बेचाळीस. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला वाचवलं, चालता केलं, पण उजवा हात परत आला नाही. दुकानात तेव्हा एका जीपचं काम अर्धवट पडलेलं होतं. मी म्हटलं, आपण बघितलंय की इतकी वर्षं, जमेल. पहिल्या साच्याला कोपऱ्यात चुण्या पडल्या. दुसरा सैल बसला, रेझिन ओतताच मधोमध पोट सुटल्यासारखा खाली आला. तिसऱ्याला कापड इतकं ओढलं की रिंगच वाकडी झाली. त्या तिसऱ्या साच्याला मी शिव्या देत होतो, तेव्हा वहिनी दादाचा दुकानात राहिलेला डबा घ्यायला आल्या होत्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी कापड वढताय. वढायचं नसतंय ते. बसवायचं असतंय."

मला राग आला. मी जे बोललो ते आज लिहायचीही लाज वाटते. मी म्हणालो, "वहिनी, हे झंपर न्हाई. आन् दुकानात बायका दिसल्या तर गिऱ्हाईक रस्त्यावरूनच माघारी जातंय." त्यांनी डबा उचलला आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायला आलो तर त्या पायरीवर बसलेल्या, मांडीवर कापडाचा तुकडा, हातात कात्री. शेजारी दादा, काठी टेकून. घरी आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, बराच आरडाओरडा केला होता म्हणे... बाईमाणूस गाडीत शिरून काम करणार, पाहुणेरावळे काय म्हणतील. दादाला तेव्हा चार शब्द सलग बोलता येत नव्हते. तो एकच वाक्य बोलला, थांबत थांबत. "ती... करील."

आणि त्यांनी केलं. कापड हातात घेऊन आधी चारही बाजूंनी ताणून बघितलं, कुठल्या बाजूला ते सुटतं आणि कुठल्या बाजूला अडतं. मग तिरपं कापलं. "उरेब घ्यायचं," त्या म्हणाल्या. शिंपीकामात कापड उभं किंवा आडवं न घेता तिरपं कापतात, त्याला उरेब म्हणतात. तसं कापलेलं कापड वळणावर चुणी न पडता झुकतं. ब्लाऊजच्या गळ्याला लावतात ती पट्टी उरेबच असते. वहिनींनी ते रिंगवर ठेवलं, तळहातानं चारी बाजूंनी नुसतं निजवलं, आणि मला म्हणाल्या, "आता ठोका पिना." एकही चुणी नव्हती. दादा खुर्चीत बसून डाव्या हातानं मांडीवर थाप मारत होता. रेझिनमध्ये हार्डनर किती घालायचं ते त्यानं बोटांनी दाखवलं. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. वहिनींनी पदर दुहेरी करून नाकाला बांधला आणि ब्रश हातात घेतला.

तिथून पुढं सतरा वर्षं त्या दुकानात होत्या. गिऱ्हाइकं माघारी गेली का? काही गेली. बरीच नुसती बघायला आली आणि काम देऊन गेली. पण त्यांच्या कामाची खरी खूण साच्याच्या गुळगुळीतपणात नव्हती. दादा रिंगचा कोन नजरेनं ठरवायचा. वहिनींनी पहिल्या महिन्यातच विचारलं, "ऐकणाऱ्याचा कान कुठं येतो?" मी हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गिऱ्हाइकाला त्याच्या नेहमीच्या जागेवर बसायला सांगितलं, नेहमीसारखं सैल, आणि एका सुतळीचं टोक त्याच्या कानाशी धरून दुसरं दारापर्यंत ताणलं. सुतळी जिथून सरळ येईल, तिकडं स्पीकरचं तोंड. उंच माणसाचा कोन वेगळा, बुटक्याचा वेगळा. एक ट्रॅव्हल्सवाला म्हणाला, "बाई, गाडीचं माप घ्या, माझं काय घेता?" तर म्हणाल्या, "गाडीला कान असते तर तिचंच घेतलं असतं."

आष्टीचे एक निवृत्त संगीत शिक्षक होते, ऐंशीच्या घरातले. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. डावा कान पूर्ण गेलेला. मुलाच्या गाडीत ते पुढं डाव्या सीटवर बसत, म्हणजे दारातला स्पीकर नेमका मेलेल्या कानाशी. जुने विद्यार्थी आपलं गाणं फोनवर पाठवत, दवाखान्याला जाता-येता गुरुजी ते गाडीत लावत, आणि "छान, छान" म्हणून सोडून देत. मुलगा आम्हाला म्हणाला, "आवाज मोठा करून द्या, बास." वहिनींनी गुरुजींना गाडीत बसवलं, सुतळी उजव्या कानाला लावली आणि कितीतरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग दोन सीटच्या मधल्या खोक्यावर एक छोटा साचा केला, मुठीएवढा, उजव्या कानाकडे मान वळवून बसलेल्या पाखरासारखा. आवाज मोठा केलाच नाही. स्पीकर जोडून मी एका विद्यार्थिनीचं गाणं लावलं. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. अर्ध्या मिनिटानं ताडकन सरळ झाले आणि ओरडले, "अगं गंधार चढलाय तुझा! किती वेळा सांगितलं!" मुलगा घाबरला, म्हणाला, बाबा, ती फोनवर नाहीये, रेकॉर्डिंग आहे. गुरुजी कुणाचं ऐकतायत! त्यांनी ते गाणं परत लावायला लावलं आणि पुन्हा तिथंच चूक धरली. वहिनी दुकानाच्या दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या... डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढं त्या विद्यार्थिनीचा दुकानावर फोन आला. म्हणाली, चार वर्षांनी गुरुजी मला रागावले, तुमचे उपकार.

एक प्रसंग मात्र माझ्यासाठी लिहायलाच हवा. एका पुढाऱ्याचा पुतण्या मोठी गाडी घेऊन आला. परवा मिरवणूक आहे, चारही दारं आणि मागचं सगळं दोन दिवसांत पाहिजे. ऐन मे महिना. वहिनी म्हणाल्या, "आठ दिवस लागतील. थर वाळल्याबिगर पुढचा थर देता येत न्हाई." तो म्हणाला, हार्डनर जास्त घाला, लवकर वाळतं, मला माहिती आहे. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "वाळतंय. मग तडकतंय बी." तो त्यांच्याशी बोलायचाच थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "दुकान बाईच्या हातात दिलंय का बे?" बरोबरची पोरं हसली. मला माझंच जुनं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आल्यासारखं झालं. मी म्हणालो, "हो. दिलंय." गाडी वळवून तो निघून गेला, परत कधीच आला नाही. मला वाटलं वहिनी काहीतरी म्हणतील. त्या घासकामाला लागल्या होत्या. त्या दिवशी चहा मात्र त्यांनी स्वतः करून आणला, आणि माझ्या कपात आलं जास्त होतं.

माफी मागायला मला आणखी तीन वर्षं लागली. एका दुपारी दोघं मिळून साचा बसवत असताना मी म्हणालो, "वहिनी, त्या टायमाला मी तुमाला लई वंगाळ बोललो होतो." त्या म्हणाल्या, "कवा?" मी म्हणालो, "दादा आजारी होता तवा. झंपराचं बोललो होतो." त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं. "मला काय आठवत न्हाई बगा... रिंग सरळ धरा तुमी." त्यांना आठवत होतं, हे मला तेव्हाही कळलं. पण सतरा वर्षांत त्या बोलण्याचा एक काटासुद्धा त्यांनी मला लागू दिला नाही. आमचं घर उभं राहिलं, गौरी शिकून नोकरीला लागली, माझी दोन्ही मुलं शिकली, दादा आजही ताठ मानेनं दुकानात येऊन बसतो. या सगळ्याच्या खाली त्यांचा हात आहे. आभार मानायला गेलो असतो तर त्यांनी हातात सँडपेपर दिला असता.

त्या जाऊन आता सात आठवडे झाले. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं शिलाई मशीन आहे आणि त्याच्याजवळ गल्लीकडे उघडणारी एक खिडकी. रेझिनचा वास बाहेर जावा म्हणून गवंड्याला बोलावून त्यांनीच ती भिंतीत पाडून घेतली होती. दवाखान्यात पेशंटला घेऊन आलेल्या बाया त्या गल्लीतून जा-ये करतात. कुणाच्या पिशवीचा बंद तुटलेला असे, कुणाच्या पोराच्या दप्तराची चेन निघालेली. बाया खिडकीतून वस्तू आत देत आणि वहिनी हातातलं काम थांबवून टाका मारून देत. मशीन चालवायला त्यांनी मलाही शिकवलं होतं, माझ्या मागेच लागून. मी कधी बसलो नव्हतो.

इतके दिवस ती खिडकी उघडायचा मला धीर झाला नाही. मागच्या सोमवारी उघडली. दुपारी नांदूरघाटकडची एक बाई आली, सासू दवाखान्यात आहे म्हणाली. हातात तळ उसवलेली कापडी पिशवी. "वहिनी न्हाईत का?" मी म्हणालो, "न्हाईत." ती म्हणाली, "कवा येतील?"

दादा खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. मी खिडकीतून हात बाहेर काढला, म्हणालो, "आणा इकडं," आणि मशीनवर बसलो. पहिली शिवण वाकडी आली. ती उसवली, परत घातली. बाई खिडकीशी थांबून होती. पिशवी हातात घेऊन तिनं तळ दोन्ही बाजूंनी ओढून बघितला.

"बसलं की नीट," ती म्हणाली.