तंबाखू न खाणाऱ्याचं मूत्राशय

"मूत्राशयाचा कॅन्सर वाटतोय," तळेगावचे डॉक्टर सोनोग्राफी बघून म्हणाले आणि लगेच विचारलं, "तंबाखू किती वर्षं खाता?"

मी म्हणालो, खात नाही. त्यांनी माझ्या बायकोकडे, सुमनकडे पाहिलं. तिनंही नाही म्हटलं, तरी त्यांचा विश्वास बसला नाही. लघवीतून रक्त आलं म्हणून मी गेलो होतो. पुढे जो भेटेल त्यानं हेच विचारलं. आमच्या टाकवे गावात आणि मी कामाला आहे त्या कारखान्यात तंबाखू मळणारे हात कमी नाहीत, त्यामुळे मीच खोटा ठरलो. शेजारचे आबा तर गालातल्या गालात हसायचे.

टीयूआरबीटी करायचं ठरलं, म्हणजे लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ खरवडून काढायची. गाठीला हात लावताच माझं बीपी इतकं चढलं की ऑपरेशन अर्ध्यातच थांबवावं लागलं. जेवढा तुकडा निघाला त्याचा रिपोर्ट कॅन्सरचाच आला. मूत्राशय पूर्ण काढून पोटावर लघवीची कायमची पिशवी लावावी लागेल, असं सांगितलं. घाबरायलाही अंगात ताकद लागते, ती उरली नव्हती. पिशवी बांधून मशीनवर उभं कसं राहायचं, एवढंच मनात येत होतं.

सुमननं हट्ट धरला म्हणून पुण्याला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. बाकड्यावर बसून बसून पाठ धरली. आत डॉक्टर बाईंनीही तंबाखूचं विचारलं. मी नाही म्हणालो. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि पुढे विचारलं, "लघवी झाल्यावर काही त्रास होतो?"

हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. आणि असलं आपणहून कोण सांगतो?

"व्हय," मी म्हणालो. "छाती लय धडधडती, डोकं फुटतं, घाम सुटतो. भिंत धरून उभा ऱ्हातो."

कारखान्यात बाथरूममधून असा पांढराफटक होऊन आलो की पोरं म्हणायची, आज तंबाखूचा बार मोठा भरला वाटतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग दिवसरात्रीची लघवी कॅनमध्ये साठवून तपासली, जुना तुकडाही वेगळ्या पद्धतीनं पुन्हा पाहिला. निदान बदललं. पॅरागँग्लिओमा. ही न्यूरोएंडोक्राइन, म्हणजे हार्मोन सोडणाऱ्या पेशींची गाठ. मूत्राशयात क्वचितच होते आणि दिसते नेहमीच्या कॅन्सरसारखी. लघवी करताना मूत्राशय आवळलं की गाठ दाबली जाते, हार्मोन रक्तात सुटतं आणि बीपी चढतं.

"तंबाखूचा याच्याशी संबंध नाही," बाई म्हणाल्या. कॅन्सर ऐकून रडलो नव्हतो, तेव्हा मात्र रडलो.

आधी बीपी ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या, मग ऑपरेशन. गाठीपुरताच भाग काढला, मूत्राशय वाचलं. तपासण्या जन्मभर करायच्या आहेत, कारण ही गाठ परत येऊ शकते. तुम्हाला असा त्रास होत असेल तर लाज बाजूला ठेवा आणि सांगून टाका.

घरी आल्यावर लघवीला गेलो. सवयीनं भिंत धरली. ना धडधड, ना घाम, काहीच झालं नाही. तिथंच उभ्या उभ्या देवाचे, बाईंचे आणि सुमनचे आभार मानले.

बाहेर ओट्यावर आबा वाट बघत बसले होते. "काय रं, सुटली का मग तंबाखू?"

सगळं सांगायला तोंड उघडलं, पण लय दमलो होतो.

"व्हय आबा," म्हणालो. "सुटली."